चैतात भिजवलेला ताग

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात लहानू ढिवर घरी परतला तो लढाई जिंकून आल्याच्या थाटात. खरं तर तो कुठल्या लढाईवर गेलाच नव्हता. कार्तिकात नसबंदीवाल्यांची जीप चिचघाटच्या पारावर येऊन थांबलेली त्यानं पाहिली, आणि अंगावरच्या धोतरानिशी मागच्या दारानं जो निसटला तो थेट भंडाऱ्याकडच्या बहिणीच्या घरी. सगळा हिवाळा त्यानं तिथंच काढला. वय पन्नाशीच्या पुढं गेलेलं, समोरचे दोन दात पडलेले. त्याची बायको कौसल्या म्हणायची, त्या लोकांनी यांना पाहिलं असतं तर हात जोडून परत पाठवलं असतं. पण लहानूला तसं वाटत नव्हतं. सरकार आपल्याच मागावर होतं, अशी त्याची पक्की समजूत होती. निवडणुकीत सरकार पडलं तेव्हा तो बसच्या टपावरून गावात उतरला आणि भेटेल त्याला रामराम घालत घरी आला.

घरी आल्या आल्या त्यानं गोठ्यात डोकावून पाहिलं. तागाच्या पेंढ्या होत्या तशाच पडून होत्या, वाळून कडक झालेल्या. गावचे बागाईतदार आनंदराव दरसाल त्याला बांधावरचा ताग द्यायचे, आणि लहानू कार्तिकात, तलाव काठोकाठ भरलेला असताना, तो पाण्यात भिजत घालायचा. साल सुटली की वाख काढायचा, सूत वळायचं आणि उन्हाळाभर जाळं विणत बसायचं. बाकीच्या ढिवरांनी नायलॉनची जाळी आणून दोन-तीन वर्षं झाली होती. लहानूनं मात्र नायलॉनला हात लावला नव्हता. नायलॉनच्या जाळ्यात मासोळीला गुदमरल्यासारखं होतं, असं तो म्हणायचा. जाळ्यात आल्यावर मासोळीला दुसरं काय व्हायला पाहिजे, हे त्याला कोणी विचारलं नाही.

कौसल्यानं त्याला सांगून पाहिलं. चैत लागलाय, तलाव आटून बांधाशी डबक्याएवढा राहिलाय, पाऊस पडू द्या, मग भिजवा. पण लहानूच्या डोक्यात शामलाचं लग्न होतं. शामला त्यांची धाकटी. भिवापूरकडच्या नत्थूजींच्या मधुकरसाठी तिला मागणं आलं होतं. मधुकरला तिनं मावशीच्या गावच्या जत्रेत पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती चुलीपुढं बसून उगीच हसायची. कौसल्याला ते कळलं होतं. कळलं नाही असं ती दाखवायची.

"लेकीच्या लग्नात जावयाच्या हाती बापानं विनलेलं जाळं द्याव लागते," लहानू म्हणाला. "आता नाही भिजवला तं विनू कवा?"

आणि त्यानं सगळ्या पेंढ्या बैलगाडीत टाकून तलावावर नेल्या, डबक्याच्या बांधाकडच्या अंगाला पाण्यात निजवल्या आणि वर दगड ठेवले. आपल्या कामावर एक नजर टाकली, बिडी पेटवली आणि घरी येऊन भाकरी खाल्ली.

त्या भागातल्या ढिवरांची सोयरिकीची एक रीत होती. मुलगी बघायला यायचं हे निमित्त. मुलाकडची वडीलधारी माणसं खरं तर पाणी बघायला यायची. मुलीचा बाप गुडघाभर पाण्यात उतरायचा, जिवंत झिंगे घागरीत धरून आणायचा आणि मुलाच्या बापापुढं ठेवायचा. तो घागरीला कान लावायचा. आत झिंग्यांचं उड्या मारणं ऐकू आलं, की मान हलवायचा. मग तेच झिंगे कांदा-मिरची घालून शिजायचे आणि पंगत बसायची. झिंगे शिजले नाहीत तर बोलणी पुढं सरकायची नाहीत. कुणब्याच्या घरी शेत बघतात, तसं यांच्यात पाणी बघत.

ताग भिजवल्यावर काही दिवसांनी एका सकाळी कौसल्या भांडी घासायला तलावावर गेली आणि जे दिसलं ते पाहून तिच्या हातातलं भांडं खाली पडलं.

काठ हलत होता. पाण्याच्या कडेला, ओल्या चिखलावर, दगडांवर, लव्हाळ्याच्या काड्यांवर झिंगेच झिंगे. बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे आरपार, मिशा हलवत एकमेकांच्या अंगावर चढलेले. एरवी ते पकडायचे तर पाण्यात टोपली खुपसून गवत झोडपावं लागायचं. आज ते स्वतःच बाहेर येऊन बसले होते. कौसल्यानं ओंजळ भरली, पदरात टाकली, दुसरी भरली, आणि मग तिनं गावाकडं तोंड करून अशी हाक मारली की ढिवरपुऱ्यातल्या सगळ्या बाया टोपल्या, सुपं, परड्या घेऊन धावत आल्या.

तसे दिवस चिचघाटनं पाहिले नव्हते. दोन-तीन सकाळी हेच चाललं. प्रत्येक घरात झिंग्याचा रस्सा, झिंगे-वांगे, झिंग्याची चटणी. उरलेले खाटांवर, छपरांवर, चादरींवर वाळत पडले. मांजरी इतक्या जेवल्या की उंदरांकडं बघेनाशा झाल्या. कौसल्याची शेजारीण बायजाबाई, जी कधी कोणाचं चांगलं बोलत नसे, तीसुद्धा म्हणाली की लहानूचा पायगुण आहे. लहानूनं ते मान्य केलं. माणूस सहा महिन्यांनी आपल्या पाण्यात पाय ठेवतो तेव्हा पाण्यालाही कळतं, असं तो पारावर बसून सांगू लागला. कौसल्याही खुशीत होती. वाळवणाजवळ बसून कावळे हाकताना तिनं मनातल्या मनात लग्नाचा मांडवसुद्धा घातला.

त्याच भरात लहानूनं भिवापूरच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला. आखाजीला, अक्षयतृतीयेच्या सणाला या, पाणी बघा, आमच्या तलावात झिंगे मावून नाही राहिले. निरोपाचं उत्तरही आलं. येतो.

आणि मग झिंगे संपले.

आधी काठावरचे कमी झाले. मग जे दिसले ते मेलेले, पांढरे पडलेले. त्यानंतर लहान मासोळ्या पोट वर करून तरंगू लागल्या. पाणी काळसर झालं, वर तेलकट तवंग आला, आणि दुपारच्या उन्हात तलावाकडून असा वास यायला लागला की आनंदरावांनी बागेतली जेवणाची खाट घरात हलवली. उन्हाचा तर कहर होता. अनवाणी पाय टाकला की चटका बसायचा, आणि डबक्यातलं पाणी हाताला कोमट लागायचं. आखाजी तोंडावर आली होती. शामलानं हसणं बंद केलं. रात्री जेवताना तिनं आईला एवढंच विचारलं की झिंगे नसले तर ते लोक उठून जातात का. कौसल्या म्हणाली, जेव.

दोष कोणाचा हे लहानूनं एका क्षणात ठरवलं. बेसा गावाच्या वाटेवर, तलावाला येऊन मिळणाऱ्या नाल्याच्या वरच्या अंगाला, कोणा शेठनं कपडा रंगवायची एक शेड टाकली होती. मागच्या दोन पावसाळ्यांत नाला कधी निळा, कधी गुलाबी वाहिला होता. ढिवरांची पोरं तेव्हा फुकटात रंगपंचमी खेळली होती. लहानूनं काळ्या पाण्याची बाटली भरली, चार माणसं गोळा केली आणि तो भर उन्हात शेडवर मोर्चा घेऊन निघाला. जाताना वाटभर शेठला काय काय सुनवायचं ते तो मोठ्यानं म्हणून बघत होता.

शेडला कुलूप होतं. पिंपाच्या सावलीत चौकीदार झोपला होता. त्याचं नाव धोंडबा. त्यानं उठून पाणी दिलं, चहा टाकला आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं लहानूला आत नेऊन रंगाचे हौद दाखवले. एका हौदात त्याच्या कोंबड्या अंड्यावर बसल्या होत्या. दुसऱ्यात कांदे साठवले होते. दिवाळीपासून शेठ इकडं फिरकला नव्हता आणि रंगाचा एक थेंब नाल्यात पडला नव्हता. नाल्यात मुळी पाणीच नव्हतं, येताना ही मंडळी त्याच्या कोरड्या वाळूतून चालत आली होती.

"पाऊस येऊ द्या जी," धोंडबा समजुतीनं म्हणाला. "मंग भांडाले या. तवा शेठबी येईन."

कोंबड्यांच्या हौदाजवळ बाटली हातात धरून उभ्या असलेल्या लहानूला काय वाटलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत. बरोबरचे चौघे मात्र परतताना तोंड फिरवून हसत होते. त्यांतल्या एकानं गावात शिरल्या शिरल्या ती गोष्ट पारावर सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत ढिवरपुऱ्यात लहानूला बघून बाया कोंबडीसारखा आवाज काढू लागल्या.

त्याच दुपारी कौसल्या धुणं घेऊन तलावाच्या वरच्या टोकाला गेली होती. नेहमीच्या घाटावर वासामुळं बसवत नव्हतं. वरच्या टोकाला आनंदरावांच्या संत्र्याच्या बागेतला पाट फुटून पाण्याची एक बारीक धार तलावात उतरत होती. विहिरीचं पाणी, गार. कौसल्यानं पाय त्या धारेत सोडले आणि कोणीतरी तिच्या घोट्याला गुदगुल्या केल्या. तिनं वाकून पाहिलं. झिंगे. पसाभर जागेत, धार पडते तिथंच, एकमेकांना खेटून, धारेकडं तोंड करून बसलेले. दोन हात पलीकडं एकही नाही.

ती धुणं तसंच सोडून उठली आणि काठानं चालू लागली. धारेपासून जसजशी दूर गेली तसतसं पाणी काळं होत गेलं आणि वास वाढत गेला. बांधाजवळ, दगडांखाली दाबलेल्या पेंढ्यांपाशी, पाण्यातून बुडबुडे वर येत होते. तिनं नाकाला पदर लावून एक पेंढी ओढली. सगळा लगदा झालेला. हाच वास तर घरभर भरला होता, आणि हाच वास ती दर कार्तिकात जन्मभर घेत आली होती. कार्तिकात भरल्या तलावात तो विरून जायचा. आज डबक्यात, या उन्हात, त्याला जायला जागा नव्हती. आणि मग तिला ती पहिली सकाळ आठवली. झिंगे लहानूच्या पायगुणानं बाहेर आले नव्हते. त्यांना पाण्यात श्वास घेता येत नव्हता म्हणून ते काठावर चढले होते, आणि आपण सगळ्यांनी टोपल्या भरभरून त्यांना उचललं होतं. गाव हाकारून गोळा केलं होतं ते आपणच. कौसल्या तिथंच बांधावर बसली आणि तिला रडूच आलं.

घरी येऊन तिनं लहानूला सांगितलं तेव्हा तो आधीच शेडवरून पोळून आला होता. त्याच्या तागाला नाव ठेवलेलं त्याला सहन झालं नाही. त्याच्या बापानं याच तलावात ताग सडवला, आज्यानं सडवला, तेव्हा कुठं झिंगे मेले?

"तुमचा बाप चैतात नोहता भिजवत," कौसल्या म्हणाली. "तो कार्तिकात घरी राहे."

लहानू खांद्यावर पंचा टाकून बाहेर पडला. कौसल्यानं दारातून पाहिलं, तो तलावाच्या वरच्या टोकाला गेला, धारेजवळ उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग उठून बांधाकडं गेला, सदरा काढला आणि पाण्यात उतरला.

दुसऱ्या दिवशी आखाजी. पण सकाळपासून ढिवरपुरा तलावातच होता. कोंबडीचा आवाज काढणाऱ्या बायाही पदर खोचून आल्या होत्या, कारण तलाव एकट्या लहानूचा नव्हता. पेंढ्या ओढल्या की हातात लगदा यायचा. काळा, बुळबुळीत, पोटातलं अन्न वर आणणारा. तो टोपल्यांत भरून बांधापलीकडं नेऊन टाकायचा. आनंदरावांनी मोटर चालू करून पाट तलावाकडं वळवला. आज संत्र्यांना उपास, ते म्हणाले. लहानू छातीभर पाण्यात उभा होता. मिशीला चिखल लागलेला, धोतर कमरेला गुंडाळलेलं, आणि डोक्यावर तागाची सडकी पेंढी.

नेमके त्याच वेळी पाहुणे आले. दुपारची बस सोडून ते सकाळच्या बसनं निघाले होते. पुढं नत्थूजी, पांढरंशुभ्र धोतर, टोपी, हातात छत्री. मागं त्यांची बहीण, नाक पदरात खुपसून. तिच्या मागं मधुकर, तो शामला कुठं दिसते ते पाहत होता. दिसली ती चिखलाची टोपली डोक्यावर घेतलेली, गुडघ्यापर्यंत काळी झालेली. तिनं टोपली टाकली आणि बायजाबाईच्या मागं दडली.

नत्थूजींनी तलाव पाहिला. बुडबुडे पाहिले, तरंगत्या मासोळ्या पाहिल्या. मग विचारलं, हे काय झालं.

कौसल्यानं लहानूकडं पाहिलं. शेडचं कुलूप पाहुण्यांनी थोडंच पाहिलं होतं. वरच्या रंगाच्या कारखान्यानं पाणी नासवलं एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. लहानूबरोबर शेडवर गेलेले चौघेही तेच म्हणायला तयार होते, त्यांची तोंडंच सांगत होती. लहानूनं डोक्यावरची पेंढी खाली ठेवली.

"म्याच केलं जी," तो म्हणाला. "ताग भिजवला. चैतात."

नत्थूजींनी छत्री मिटली. रीत रीत असते. ते म्हणाले, आलो आहोत तर पाणी दाखवा.

लहानू पाण्यातून निघेपर्यंत कौसल्या घागर घेऊन वरच्या टोकाला पोचली होती. धारेखाली हात घातला की झिंगे आपोआप ओंजळीत येत होते. बिचारे पळतही नव्हते. पंगतीपुरते होतील एवढे तिनं घागरीत घेतले. हे सगळे उचलले तर तलावात मागं फारसं काही उरत नव्हतं. घागर आणून तिनं नत्थूजींपुढं ठेवली. त्यांनी वाकून कान लावला. आत टपटप वाजत होतं. त्यांनी मान हलवली. शामलाच्या तोंडावर रंग आला. बायजाबाई चूल पेटवायला वळली.

कौसल्यानं घागरीत हात घालून एक झिंगा उचलला, साफ करावा म्हणून उलटा केला. त्याच्या पोटाखाली अंडी होती. मोहरीहून बारीक, हिरवट, पायांत घट्ट धरलेली. तिनं दुसरा काढला. त्याच्याही. तिसऱ्याच्याही. मरणाच्या पाण्यातून एवढं अंतर चालून त्या माद्या धारेखाली येऊन बसल्या होत्या, आणि अंडं एकीनंही सोडलं नव्हतं.

तिनं शामलाकडं पाहिलं. शामला तिच्याचकडं बघत होती. एका बाजूला ही लेक आणि एका बाजूला ही घागर. कौसल्याला कधी वाटलं नव्हतं की असली निवड आपल्यावर येईल. शिजवले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. रीत पाळली, लेक उजवली, एवढंच म्हटलं असतं.

"इवाईबुवा, हे मी नाही शिजवत," ती नत्थूजींना म्हणाली. "लेकुरवाळ्या हायेत."

आणि कोणी काही म्हणायच्या आत ती धारेपर्यंत चालत गेली आणि घागर हळूच पाण्यात आडवी केली. घागर घेऊन ती परत आली. शामलानं डोळे पुसले आणि आईच्या हातातली रिकामी घागर घेतली, दुसरं काही केलं नाही. नत्थूजींची बहीण मोठ्यानं म्हणाली की अशी रीत तिनं बापजन्मात पाहिली नाही, न शिजवता पाहुण्याला परत पाठवतात. मधुकर बापाकडं बघू लागला.

नत्थूजी बांधावर बसले, पांढऱ्या धोतरानिशी, चिखलात. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमच्या तलावात झिंगाच नाही," ते म्हणाले. "दोन सालं झाली."

त्यांच्या बहिणीनं त्यांना गप्प करायला पाहिलं, पण ते थांबले नाहीत. तलावाच्या वर सगळी मिरचीची वावरं. मिरचीवर औषध फवारतात, पहिल्या सरीला ते धुपून तलावात येतं. मासोळी थोडीफार तगली, झिंगा एक राहिला नाही. गावाबाहेर हे कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीकडच्यांनी उद्या आमचं पाणी बघायला मागितलं तर काय दाखवू, या धास्तीनंच ते घाईघाईनं आधीची बस धरून आले होते. बोलणी लवकर उरकावी, म्हणजे कोणी उलट विचारणार नाही.

"तुमच्या इथं जिवंत तं हायेत," नत्थूजी म्हणाले. त्यांनी सदरा काढून मधुकरच्या हातात दिला, आणि पोराला म्हणाले, "पाहून काय राहिला गा? उतर पान्यात."

दुपार टळेपर्यंत दोन्ही व्याही एकाच टोपलीचे दोन कान धरून घाण उपसत होते. मधुकर शामलाच्या रांगेत उभा राहिला आणि टोपली देताना-घेताना त्यानं इतका वेळ लावला की बायजाबाई त्याच्यावर खेकसली. संध्याकाळी पंगत बसली. छपरावरच्या वाळलेल्या झिंग्यांची चटणी, ज्वारीची भाकरी आणि आनंदरावांकडची संत्री. जेवताना कोणाच्या अंगाला चांगला वास येत नव्हता. नत्थूजींच्या बहिणीनं चटणी तीनदा मागून घेतली.

त्या पावसाळ्यात तलाव भरला. आनंदरावांचा पाट लोकांनी मुद्दामच फुटका ठेवला होता, आणि दिवाळीला टोपली खुपसली की दहा-वीस झिंगे वर येऊ लागले. शेडच्या शेठनं पुन्हा रंग काढला तेव्हा लहानू बाटली घेऊन गेला. या वेळी धोंडबानं त्याला शेठसमोर उभं केलं, आणि बरंच भांडून झाल्यावर शेठनं रंगाच्या पाण्यासाठी नाल्याच्या अलीकडं खड्डा खणून दिला. लहानूनं नायलॉनचं जाळं आणलं. मासोळीला त्यात गुदमरल्यासारखं होतं की नाही, याबद्दल तो पुन्हा बोलला नाही.

माघात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी कौसल्यानं रडायची पूर्ण तयारी केली होती, तीन लुगड्यांचे पदर पुरणार नाहीत असं तिला वाटत होतं. बायाही गोळा झाल्या होत्या. पण शामला बैलगाडीत बसली ती मांडीवर तोंडाला ओलं फडकं बांधलेली पितळी घागर घेऊन. आत तलावाचं पाणी आणि त्यात नत्थूजींनी आंदण म्हणून मागितलेले झिंगे. औषधाचं पाणी जिथं येत नाही असा आपल्या तलावातला कोपरा मधुकरनं माती टाकून बांधून ठेवला होता.

कौसल्या गळ्यात पडायला पुढं झाली तर शामलानं कोपरानं तिला अडवलं. "धक्का नोको देऊ वं माय, हिंदकळते." मग तिनं गाडीवानाला ओरडून सांगितलं की गाडी झाडाखालून घे, घागरीला ऊन लागून राहिलं. लहानू गाडीमागं चालत वाटेत पाणी कुठं कुठं बदलायचं ते सांगत राहिला. मधुकर एका हातानं घागरीवर छत्री धरून बसला होता.

गाडी नाल्यापलीकडं दिसेनाशी झाली तेव्हा कौसल्याच्या ध्यानात आलं की रडायचं राहूनच गेलं. ती घरी आली, चुलीपुढं बसली आणि शामला हसायची तशीच उगीच हसली.